घोडी पक्की, तर हात शाबूत

भात झोडून झाले, पेंढ्याची उडवी रचून झाली, वालाच्या शेंगा भरू लागल्या, की आपल्या कर्जत-खालापूरकडच्या घरोघर एक विषय निघतोच. तो म्हणजे घराची डागडुजी. कुणाला पडवीचे कुजलेले वासे बदलायचे असतात, कुणाला मुलीच्या लग्नाआधी ओटीला नवे दार हवे असते, तर कुणाचा माळा यंदा तरी पुरा व्हायचा असतो. मृगाच्या आत हे सारे उरकले पाहिजे. एकदा पाऊस लागला, की कौलाला हात लावायची सोय नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्यात किती छपरे उघडी पडली ते आपण पाहिलेच आहे. त्या पावसाळ्यात सुताराला किती भाव आला होता, तेही आपल्या लक्षात असेल.

पूर्वी सुतार यायचा तो खांद्याला पिशवी लावून. करवत, वाकस, रंधा, पटाशी, गिरमिट, गुण्या आणि ओळंबा एवढा त्याचा संसार. अंगणात एक लाकूड आडवे टाकायचे, त्यावर पाय ठेवायचा आणि करवत चालवायची. आता तोच सुतार टेम्पोतून येतो आणि टेम्पोतून एक गोल पात्याचे यंत्र उतरवतो. इंग्रजीत त्याला मायटर सॉ म्हणतात. आपल्याकडे कुणी मायटर मशीन म्हणतो, कुणी नुसतेच कटिंग मशीन. अमेरिकेतल्या रॉकवेल कंपनीने १९६४ साली हे यंत्र बाजारात आणले. आज ते नेरळ, कशेळे, कडाव, चौक, खोपोलीच्या बाजूने उठणाऱ्या प्रत्येक फार्महाऊसच्या बांधावर करकरताना ऐकू येते.

आणि वाचकहो, हे यंत्र चालवणारे हात पुष्कळदा आपल्याच घरचे असतात. दोन-चार एकर भात असलेल्या घरातला धाकटा मुलगा लावणी-कापणीला घरी असतो आणि उरलेले आठ महिने फर्निचरच्या कामावर जातो. त्याच्या मजुरीवर घरचा किराणा चालतो, सोसायटीचा हप्ता जातो. म्हणून या यंत्राची गोष्ट केवळ सुताराची नाही. ती आपल्या घराची आहे.

एका पिंपाची गोष्ट

आमच्या ओळखीतल्या एका तरुणाची हकिकत सांगतो. पोरगा कामसू, हाताला कसब. थोडे पैसे साठवून, थोडे बहिणीकडून उसने घेऊन त्याने दहा इंची मशीन घेतले. स्टँड घ्यायला पैसे उरले नाहीत. कामाच्या जागी दोन रिकामी पिंपे होती. त्यांवर एक फळी टाकली, फळीवर मशीन ठेवले आणि काम सुरू केले. पहिले दोन दिवस काही झाले नाही, आणि घात होतो तो असाच. काही होत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो.

तिसऱ्या दिवशी सात फुटी सागाचे चौकटीचे लाकूड लावले. लाकडाचे दुसरे टोक हवेत लोंबत होते. काप संपत आला, तसे लोंबते टोक खाली झुकले, कापलेली फट मिटली आणि पाते त्यात आवळले गेले. मशीनने हिसका दिला, फळी सरकली आणि मशीन कलंडले. उसनवारीची वस्तू पडते आहे म्हटल्यावर पोराने काय करावे? त्याने ती झेलायला हात पुढे केला. खटक्यावरचे बोट सुटले होते, पण पाते अजून फिरतच होते.

जीव वाचला, पण डाव्या हाताची दोन बोटे पूर्वीसारखी मिटत नाहीत. त्या वर्षी लावणीला त्याच्या आईने मजूर लावला. त्याचे वडील एवढेच म्हणाले, “मशीन मोडलं असतं तर पुन्हा घेतलं असतं. हात कुठल्या दुकानात मिळतो?”

त्या दोन पिंपांऐवजी धड घोडी असती, तर हे घडले नसते. म्हणून आज या घोडीविषयी, म्हणजेच स्टँडविषयी, चार गोष्टी नीट समजून घेऊ.

यंत्र हलते का?

दहा इंची पात्याचा घेर सुमारे ऐंशी सेंटीमीटर. मिनिटाला साडेचार हजारांवर फेरे. हिशेब केला तर पात्याचा दात ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असतो. साधे मशीन बारा-पंधरा किलोचे. ज्याचे डोके दांड्यांवर पुढे-मागे सरकते, ते वीस-पंचवीस किलोच्या घरात जाते. खटका दाबताक्षणी मोटर झटका देते, पाते लाकडात शिरताना दुसरा झटका बसतो आणि सोडताना तिसरा. दिवसभरात असे शेकडो झटके बसतात. सारे वजन वरच्या अंगाला आणि पाय खाली. जाते जमिनीवर असते म्हणून डगमगत नाही. तेच जाते तिवईवर ठेवून दळायला बसलात तर काय होईल, याची कल्पना करा.

तेव्हा मशीन स्टँडवर नुसते ठेवून भागत नाही. ते बोल्टने जखडले पाहिजे. आणि स्टँड जमिनीवर चारही पायांनी टेकले पाहिजे.

बसवण्याची रीत

बाजारात मिळणाऱ्या घडीच्या स्टँडवर दोन आडव्या पट्ट्या येतात. या पट्ट्या मशीनच्या बुडाला बोल्टने कायमच्या बसवायच्या असतात. मग पट्ट्यांसकट मशीन स्टँडच्या दांडीवर चढवता येते, उतरवता येते. काम पुढील क्रमाने करावे.

सगळ्यात आधी मशीनचा प्लग काढा. डोके खाली दाबून त्याची खीळ लावा, म्हणजे उचलताना ते उसळणार नाही. सरकते डोके असेल तर तेही आवळून टाका. मशीन उचलायचे ते बुडाला किंवा उचलायच्या मुठीला धरून. खटक्याच्या मुठीला किंवा पात्याच्या झाकणाला धरून कधीही उचलू नका.

दुसरे, मशीन सपाट फळीवर ठेवून त्याच्या चार पायांतली भोके बघा. बहुतेक मशीनना आठ मिलिमीटरचा बोल्ट चालतो. त्याला तेरा नंबरचा पाना लागतो. भोकात बोल्ट खेळत असेल तर रुंद तोंडाचा वायसर घाला. पण लहान भोक ड्रिलने मोठे करायच्या फंदात पडू नका. बूड ॲल्युमिनियमचे ओतीव असते, त्याला चीर जाते.

तिसरे, बोल्टची लांबी मोजून घ्या. मशीनचा पाय पंधरा मिलिमीटर, स्टँडची पट्टी तीस, वरखाली दोन वायसर मिळून चार, नट आठ आणि नटाबाहेर निदान दोन-तीन आटे म्हणजे आणखी चार. बेरीज झाली एकसष्ट. म्हणजे पासष्टचा बोल्ट घ्यावा. आखूड बोल्टचे आटे नटात पुरे बसत नाहीत. फार लांब बोल्ट खाली दांडीला अडतो आणि पट्टी बसू देत नाही. हे आकडे नमुन्याचे आहेत. आपापल्या मशीनची आणि पट्टीची जाडी पट्टीने मोजून हिशेब करावा.

चौथे, नट साधा घेऊ नका. आत नायलॉनची कडी असलेला नट मिळतो, तो हादऱ्याने सुटत नाही. साध्या नटापेक्षा थोडे पैसे जास्त पडतील, पण इथे काटकसर करू नये.

पाचवे, चारही बोल्ट आधी हातानेच फिरवून सैल लावा. दोन्ही पट्ट्या एकमेकींना समांतर आहेत का, हे पुढे आणि मागे फुटपट्टीने मोजून बघा. मग बोल्ट कोपरा सोडून कोपरा आवळा. डावा पुढचा, मग उजवा मागचा, अशा रीतीने. बैलगाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आवळतो तसेच. घट्ट झाला की थांबा. अंगातला सगळा जोर लावाल तर बूड तडकेल.

सहावे, आणि हे पुष्कळजण विसरतात. आवळण्याआधी मशीनचे चारही पाय पट्टीवर टेकलेत का ते बघा. एक पाय अधांतरी असेल आणि तुम्ही तो बोल्टने ओढून खाली बसवलात, तर बूड पिळवटते. मग पाते काटकोनात राहत नाही आणि तुम्ही दिवसभर चौकट का जुळत नाही म्हणून डोके खाजवत बसता. त्या पायाखाली पत्र्याची चकती घाला आणि मगच आवळा.

सातवे, मशीन स्टँडवर चढवा. पट्टीची पुढची आकडी आधी पुढच्या दांडीवर अडकवा, मग मागची बाजू हळूच खाली आणा आणि खटका लावा. खटका लागल्याचा आवाज आला म्हणजे काम झाले असे समजू नका. दोन्ही हातांनी मशीन पुढे-मागे आणि वर ओढून बघा. तसूभर हलले तरी परत सोडवून नीट बसवा. मशीन स्टँडच्या मधोमध असावे, एका कडेला नसावे.

जमीन कशी आहे ते बघा

शहरात लादीवर काम होते. आपले काम शेताच्या बांधावर, शेणाने सारवलेल्या अंगणात, नाहीतर नुकत्याच भरावावर. काळ्या मातीत स्टँडचा पाय सकाळी टेकतो आणि दुपारी चार बोटे रुततो. त्यासाठी प्रत्येक पायाखाली वीतभर रुंदीचा फळीचा तुकडा ठेवा. दगडाच्या चिपा ठेवू नका, हादऱ्याने त्या निसटतात. बहुतेक स्टँडच्या एका पायाला कमीजास्त करायचा स्क्रू असतो. तो फिरवून चौथा पाय टेकवा. वर लेव्हलची बाटली ठेवून बघा. पाय पूर्ण पसरून त्यांच्या खिळ्या लागल्यात का, हेही हात लावून बघा.

ज्या मशीनचे डोके सरकते, त्याची आणखी एक परीक्षा आहे. प्लग काढलेलाच असू द्या. डोके पार मागे ढकला, मग पार पुढे ओढा. स्टँडचा एकही पाय उचलला जाता कामा नये. उचलला गेला तर बैठक चुकली आहे, किंवा स्टँड त्या वजनाचे नाही. स्टँडवर किती किलो भार चालतो हे लिहिलेले असते. त्यात मशीनचे आणि लाकडाचे, दोन्ही वजने धरायची.

लांब लाकडाला आधार

सात फूट लांबीचे, पाच बाय अडीच इंची सागाचे लाकूड सुमारे अकरा किलो भरते. त्याचे टोक लोंबते ठेवले तर वर सांगितलेल्या पोरासारखी गत व्हायला वेळ लागत नाही. स्टँडला दोन्ही बाजूंना बाहेर येणारे हात असतात. त्यांच्या टोकावरचे टेकण मशीनच्या पाटाच्या बरोबर पातळीत आणा. सरळ धारेची फळी किंवा ताणलेला दोरा धरला की पातळी कळते. टेकण उंच झाले तर लाकूड पाटावर बसत नाही, खाली राहिले तर पाते आवळते. लाकूड स्टँडच्या हातापेक्षाही लांब असेल तर पलीकडे दुसरी घोडी उभी करा. तिथे माणूस उभा करून टोक धरायला लावू नये. त्याच्या हाताला कळ लागली की तो हात खाली घेतो, आणि नेमका तेव्हाच काप संपत आलेला असतो.

घरची घोडी चालेल का?

तयार स्टँड परवडत नसेल तर गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेता येते. दीड इंची चौकोनी लोखंडी पाइपची चौकट करावी. चारही पाय बाहेरच्या अंगाला थोडे तिरपे पसरलेले हवेत आणि खालून आडव्या पाइपने बांधलेले हवेत. वर अठरा मिलिमीटरचा प्लायवूड किंवा जाड फळी लावावी. मशीनचा पाट जमिनीपासून पंच्याऐंशी ते पंच्याण्णव सेंटीमीटरवर यावा, म्हणजे पाठ वाकत नाही. मशीन फळीवर ठेवून भोकांच्या खुणा करा, आरपार भोके पाडा आणि खालून रुंद वायसर घालून आवळा. लाकडाच्या स्क्रूवर विसंबू नका, ते हादऱ्याने ढिले होतात. अशी घोडी जड होते, टेम्पोत जागा घेते, हे खरे. पण ती पिंपासारखी दगा देत नाही.

विजेचे भान

आपल्या खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. वीज आपल्या डोंगरातली, पण आपल्या वाड्यांत ती यायला फार वर्षे लागली. आणि आजही पाऊसवाऱ्यात ती लपंडाव खेळते. काम चालू असताना वीज गेली तर खटका सोडा, डोके वर घ्या आणि प्लग काढून ठेवा. वीज अवचित परत येते तेव्हा हात कुठे असतील, ते सांगता येत नाही.

सोळाशे वॅटचे मशीन सुमारे सात अँपिअर घेते. त्याला मोबाइलच्या चार्जरची बारीक वायर चालत नाही. अडीच चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल वापरा आणि तिचे वेटोळे पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल तापते. व्होल्टेज कमी असेल तर मोटर कण्हते. अशा वेळी काम थांबवावे. अर्थिंगशिवाय चालवू नका. गळती होताच वीज तोडणारा तीस मिलीअँपिअरचा स्विच बसवून घ्या. ओल्या जमिनीवर काम करणाऱ्याला तो फार मोठा आधार आहे. केबल पायात येणार नाही अशी बाजूने न्या. पायात अडकून ओढली गेली तर पक्की घोडीसुद्धा कलंडू शकते.

काम करताना

मशीन बसले, आता एक चाचणी घ्या. पडीक लाकडाचे चार तुकडे पंचेचाळीस अंशांत कापून चौकट जुळवून बघा. कोपऱ्यात फट दिसली तर गुण्या लावून पाते तपासा. पहिल्या दिवसाचे काम संपले की चारही बोल्ट पुन्हा एकदा पान्याने बघा. पुढे दर आठवड्याला, आणि प्रत्येक टेम्पोच्या फेरीनंतर बघा. घाटातल्या आणि खाचखळग्यांच्या रस्त्यांचे हादरे मशीनला तुमच्याहून जास्त लागतात.

पात्यापासून हात वीतभर लांब ठेवा. वीतभर धरायला जागा नाही एवढा आखूड तुकडा हाताने धरायचाच नाही. तो क्लॅम्पने आवळा किंवा हातकरवतीने कापा. हाताची आढी घालून कापू नका. काप संपला की खटका सोडा, पाते थांबू द्या आणि मगच डोके वर उचला. हातात मोजे, गळ्यात उपरणे, मनगटात कडे, लोंबणारी बाही यांतले काही नको. डोळ्याला चष्मा, नाकाला फडके, कानाला बोळे असावेत.

आणि मुख्य गोष्ट, मशीन पडत असेल तर पडू द्या. झेलू नका.

घरातल्या मंडळींसाठी

माता-भगिनींनो, सुतारकाम अंगणात चालले असले की मुले गोल करून बघत बसतात. भुसा खेळायला गोड वाटतो. स्टँडभोवती चार हातांवर दोरी बांधून घ्या आणि मुलांना तिच्याबाहेर ठेवा. चहा द्यायचा तर पाते थांबल्यावर हाक मारा, मागून जाऊन खांद्याला हात लावू नका. पदर आणि ओढणी खोचल्याशिवाय जवळ जाऊ नका. कोंबड्या, बकऱ्या सोडलेल्या असतील तर तेवढा वेळ डालून किंवा बांधून ठेवा. केबलमध्ये पाय गुंतवायला एक बकरी पुरते.

पैशाची आणि कागदाची बाजू

घरच्या बांधावरचा साग, ऐन, आंबा, फणस तोडून लाकूड काढायचे असेल तर आधी परवानगी घ्या. महाराष्ट्राचा वृक्षतोडीचा कायदा १९६४ सालचा आहे आणि ही झाडे त्याच्या यादीत आहेत. झाड आपले, जमीन आपली, तरी परवानगी लागते.

हातकारागिरांसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. तिच्यात प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या दिवसांचा पाचशे रुपये भत्ता, हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज ठेवले आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. आपल्या ग्रामपंचायतीत किंवा जवळच्या नागरी सेवा केंद्रात अटी विचारून घ्या. आणि मशीन घ्यायला निघाल तेव्हा स्टँडचे, बोल्टचे, केबलचे पैसे आधी बाजूला काढा, उरतील त्यात मशीन बघा. आपण नेमके उलटे करतो.

तो तरुण आज पुन्हा कामाला जातो. मशीन तेच आहे, पण आता ते पाइपच्या घोडीवर चार बोल्टांनी जखडलेले असते. रोज सकाळी पहिला काप घेण्याआधी तो पाना हातात घेऊन चारही बोल्ट बघतो आणि प्रत्येक पायाखालची फळी पायाने दाबून पाहतो. शिकाऊ पोरे हसतात. तो डावा हात पुढे करून दाखवतो. मग कुणी हसत नाही.

यंदा आपल्या अंगणात सुतार आला, किंवा आपला मुलगा मशीन घेऊन कामावर निघाला, तर त्याला एकच प्रश्न विचारा, “घोडी पक्की आहे ना रे?” पाच मिनिटांचे काम आहे. पण त्यावर लावणीचे दोन हात, घरचा किराणा आणि आईची झोप अवलंबून आहे.